मास इफेक्ट ३ चा शेवट: मी त्याच्या बाजूने आहे (रहस्यभेद आहे)

सप्तर्षी

मास इफेक्ट या व्हिडिओ गेम मालिकेचे तिन्ही खेळ संपवले नसतील तर इथूनच मागे फिरा. पुढे सगळं उघड करून लिहिलं आहे.

मास इफेक्ट ३ चा शेवट वाईट, हे आता कुणी सिद्ध करत बसत नाही, गृहीतच धरतात. कुठल्याही मालिकेच्या फसलेल्या शेवटाची चर्चा निघाली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात हे नाव येतंच. मला तो शेवट आवडतो. 'लोक म्हणतात तितका काही वाईट नाही' एवढंच म्हणून मी थांबणार नाही. या मालिकेला दुसरा कुठलाही शेवट शोभला नसता असं माझं ठाम मत आहे, आणि ते एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायोवेअर ही कॅनडातल्या एडमंटनची कंपनी. पहिला खेळ २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा ६ मार्च २०१२ ला आला. तिन्हींत आपण ज्याच्या रूपात खेळतो तो कमांडर शेपर्ड एकच (बाई की पुरुष हे खेळणाऱ्यानं ठरवायचं), आणि एका खेळातले निर्णय सेव्ह फाइलमधून पुढच्या खेळात जातात. व्हर्मायर ग्रहावर ॲशली आणि कैडन या सोबत्यांपैकी कुणाला वाचवलं, हे खेळ शेवटपर्यंत विसरत नाही. तिसरा खेळ यायच्या आधी दिग्दर्शक केसी हडसन यांनी सांगितलं होतं की शेवट अ, ब, क अशा साच्यातला नसेल. प्रत्यक्षात पुढ्यात आल्या तीन वाटा: दर चक्रात प्रगत जातींची कापणी करणाऱ्या रीपर यंत्रांचा विनाश, त्यांच्यावर ताबा, किंवा सगळे सजीव आणि यंत्रं यांचा संयोग. लाल, निळा, हिरवा. चित्रफिती जवळपास एकसारख्या, वेगळा फक्त उजेडाचा रंग. लोक भडकले. 'रीटेक मास इफेक्ट' नावाची मोहीम निघाली, तिच्यातून 'चाइल्ड्स प्ले' या आजारी मुलांसाठीच्या संस्थेला ८० हजार डॉलरच्या वर देणगी गोळा झाली. कुणी कंपनीला तीन रंगांचे पण एकाच चवीचे ४०० कपकेक पाठवले. जून २०१२ मध्ये बायोवेअरने 'एक्स्टेंडेड कट' फुकट देऊन शेवटात भर घातली. राग मात्र गेला नाही.

आता माझा मुद्दा.

शेपर्ड पहिल्या खेळापासून काय करत आली? दुसऱ्यांच्या वतीनं ठरवत आली. नोव्हेरियावर राक्नाई राणी टाकीत बंद असते, आणि तिची अख्खी जात राहणार की संपणार हे आपण त्या टाकीसमोर उभं राहून ठरवतो. गेथ ही क्वेरियन जातीनं घडवलेली विचार करणारी यंत्रं; दुसऱ्या खेळात त्यांच्यातल्याच लीजनच्या मोहिमेत रीपरांच्या बाजूला गेलेल्या गेथ गटाचं काय करायचं ते आपणच ठरवतो: उडवून द्यायचं, की त्यांची बुद्धी बदलून त्यांना परत आणायचं. २०११ च्या 'अरायव्हल' या जोडभागात रीपरांचा रस्ता अडवायला शेपर्ड एक लघुग्रह मास रिलेवर (ताऱ्यांमधल्या प्रवासाचं यंत्र) आदळवते आणि बटेरियन जातीचे तीन लाखांहून जास्त लोक मरतात. त्यांना सावध करायचा प्रयत्न होतो, तोही अर्धवटच राहतो. क्रोगन जातीच्या तुचांका ग्रहावर जेनोफेजचा (सलेरियन जातीनं बनवलेला, क्रोगनांचा जन्मदर पाडणारा रोग) इलाज खरोखर करायचा की क्रोगनांना फसवायचं, तेही आपल्याच हातात. यातल्या कुणाचंही भवितव्य ठरवताना आपण त्यांना विचारलेलं नाही. तरी आपल्याला ते निर्णय आवडले, कारण शेजारी गॅरस, टाली असे सोबती होते, आणि नंतर नॉर्मंडी या आपल्या जहाजावर परतून त्यांच्याशी बोलता येत होतं. कुणीतरी म्हणत होतं, बरोबर केलंस.

शेवटच्या जागी शेजारी कुणी नाही. प्रश्न तोच आहे, आता अख्ख्या आकाशगंगेबद्दल आहे. माझे निर्णय शेवटी मोजलेच गेले नाहीत, ही तक्रार मी शेकडो वेळा वाचली असेल. पण तो शेवट निर्णयांची बेरीज करायला आलेलाच नाही. ज्या अधिकारानं इतकी वर्षं निर्णय घेतलेस तोच अधिकार घे आणि आणखी एक निर्णय घे, एवढंच तो म्हणतो. आणि या वेळी 'बरोबर केलंस' म्हणायला कुणीही नाही.

त्या तीन वाटाही आभाळातून पडलेल्या नाहीत. पहिल्या खेळातला खलनायक सॅरेन मांस आणि यंत्र यांच्या मिलाफाची भाषा बोलतो. सर्बेरस संघटनेचा प्रमुख इल्यूझिव्ह मॅन रीपरांवर ताबा मिळवायच्या मागे वेडा झालेला असतो. शेपर्डचा जुना वरिष्ठ अँडरसन पहिल्यापासून म्हणतो, संपवा त्यांना. दुसऱ्या खेळाच्या शेवटी कलेक्टर या शत्रूंचा तळ उडवायचा की इल्यूझिव्ह मॅनला द्यायचा, हाच विनाश-की-ताबा प्रश्न आपण आधी एकदा सोडवलेला असतो. इतकंच काय, सैन्यबळ अगदीच कमी घेऊन शेवटाला पोहोचलात तर एकच वाट उघडी असते, आणि ती कुठली हे त्या तळाच्या निर्णयावर ठरतं. फार थोड्यांनी हे पाहिलंय, कारण इतक्या कमी तयारीनं तिथवर जातं कोण.

आणि रंग. मालिकेत निळा नेहमी पॅरागॉनचा, म्हणजे सज्जनपणाचा, लाल रेनिगेडचा. रीपरांना चालवणारा, शेवटी लहान मुलाच्या रूपात येणारा कॅटलिस्ट या वाटा समजावत असताना मध्येच दोन दृश्यं चमकून जातात. लाल उजेडात अँडरसन नळीवर गोळ्या झाडतोय. निळ्या उजेडात इल्यूझिव्ह मॅन दोन्ही दांडे घट्ट धरून उभा आहे. ज्याला बापाच्या जागी मानलं तो लालमध्ये, ज्याला काही मिनिटांपूर्वी समोर मरताना पाहिलं तो निळ्यामध्ये. संवादचक्रावर निळं वाक्य दिसलं की डोळे झाकून ते निवडायची सवय लागलेल्या माणसाला तिथे पहिल्यांदा हात आवरावा लागतो. ज्यांनी हे बसवलं त्यांनी शेवट उरकला असं मला कुणी पटवून द्यावं.

किल्लेदार

सप्तर्षीताई, लेखन आवडलं, मुद्दा अजिबात पटला नाही.

अधिकाराचं वगैरे ठीक. क्वेरियनांच्या रॅनॉक ग्रहाचं काय? माझ्या शेपर्डने क्वेरियन आणि गेथ यांच्यात समेट घडवला. तो आयता मिळत नाही. दुसऱ्या खेळात टालीचा खटला नीट सांभाळावा लागतो, लीजनचं काम करावं लागतं, त्या दोघांचं जहाजावरचं भांडण कुणालाच न दुखावता मिटवावं लागतं. तिसऱ्यात ॲडमिरल कोरिसला जिवंत आणलं तर आणखी मदत होते. मग लीजन स्वतःचा जीव देतो, आणि तीनशे वर्षांचं वैर विसरून गेथ क्वेरियनांना त्यांच्याच ग्रहावर पुन्हा वसायला हात देतात. मी त्या रात्री खेळ बंद करून नुसता बसून होतो.

आणि पुढे एक पोरगं येऊन मला सांगतं की यंत्रं आणि त्यांना घडवणारे कधीच एकत्र नांदू शकत नाहीत. तेव्हा माझ्या शेपर्डला एवढंही म्हणता येत नाही की बाबा, बाहेर बघ, गेथची जहाजं क्वेरियनांच्या खांद्याला खांदा लावून लढतायत! ज्या मालिकेत सॅरेनशी आणि इल्यूझिव्ह मॅनशी बोलून बोलून त्यांना स्वतःवर गोळी झाडायला लावता येतं, तिथे शेवटच्या माणसाशी वादच घालता येत नाही. हा मालिकेचा शेवट नव्हे, मालिकेचा अपमान आहे.

चांदणवेल

मी २०२१ मध्ये लेजेंडरी एडिशन या नव्या आवृत्तीवर तिन्ही खेळ सलग खेळले. त्यात एक्स्टेंडेड कट आधीपासूनच आहे. खरं सांगते, शेवट पाहून मी रडले आणि मग नेटवर शोधलं तर सगळीकडे शिव्याशाप. मला कळेचना की आपण वेगळाच खेळ खेळलो की काय. मूळ शेवटात नेमकं काय कमी होतं, कुणी सांगेल का?

घाटमाथा

चांदणवेल, मी सांगतो. मी मार्च २०१२ मध्ये डीव्हीडी आणून खेळलो होतो.

तुम्ही लंडनमधली ती धाव पाहिलीत ना, हार्बिंजर या रीपरच्या माऱ्यातून उजेडाच्या झोताकडे? तिथे जखमी सोबत्यांना घ्यायला नॉर्मंडी खाली उतरते आणि शेपर्ड त्यांना निरोप देतो. तो प्रसंग मूळ खेळात नव्हताच. मूळ खेळात सगळे धावतात, हार्बिंजरचा किरण येतो, शेपर्ड एकटा उठतो. दहा-पंधरा मिनिटांनी नॉर्मंडी कुठल्याशा जंगलात कोसळलेली दिसते आणि तिच्यातून तेच सोबती धडधाकट उतरतात जे माझ्याबरोबर लंडनमध्ये होते. ते तिथे कधी पोहोचले, नॉर्मंडी युद्ध सोडून पळत का होती, काही नाही. मास रिले फुटताना दिसतात, आणि 'अरायव्हल'ने शिकवलं होतं की रिले फुटला की अख्खी सूर्यमाला जाते. म्हणजे मी सगळ्यांना मारलं का? क्रोगन, टुरियन, सगळी आरमारं पृथ्वीजवळ अडकून उपाशी मरणार का? खेळ गप्प. मग बझ आल्ड्रिन यांच्या आवाजातला तो म्हातारा नातवाला गोष्ट सांगतो, आणि सगळं झाल्यावर पडद्यावर एक चौकट येते: शेपर्ड आता दंतकथा झाला आहे, पुढची डाउनलोड सामग्री घेऊन ही दंतकथा वाढवा.

शेवटचं दृश्य पाहून माणूस सुन्न बसलेला असताना त्याला विक्रीची पाटी दाखवली होती. लोक नुसत्या तीन रंगांवर चिडले नव्हते.

विनाशाच्या वाटेवर शेपर्ड जिवंत असल्याचा तो शेवटचा श्वास पाहायला जितकं सैन्यबळ लागायचं, तितकं मल्टिप्लेअर न खेळता जमवणं तेव्हा जवळपास अशक्य होतं. आमच्याकडच्या तेव्हाच्या नेटवर मल्टिप्लेअर कसला खेळणार? मी तो श्वास यूट्यूबवर पाहिला.

सप्तर्षी

घाटमाथा, नॉर्मंडीचा प्रसंग आणि ती पाटी यांचा बचाव मी करणार नाही. सोबती जंगलात कसे पोहोचले हे मूळ खेळात खरंच तुटलेलं होतं, आणि ती पाटी तिथे असायलाच नको होती. एक्स्टेंडेड कटमध्ये दोन्ही दुरुस्त झालं, उत्तम झालं. मल्टिप्लेअरची अट तर सरळसरळ अन्याय होता. पण या सगळ्या वस्तू शेवटच्या निवडीच्या आजूबाजूच्या आहेत. २०१२ मध्ये राग या गोष्टींचा होता आणि तो जाऊन निवडीवर बसला, तो आजतागायत तिथेच बसलाय.

किल्लेदार, तुमचा मुद्दा या सगळ्यांत जोरकस, म्हणून त्याला जरा वेळ घेते.

रॅनॉकचं वाक्य बोलता यायला हवं होतं. हो. मला ते हवं होतं, आजही हवंय. पण कॅटलिस्ट म्हणतो ते खेळाचं मत आहे, असं का धरायचं? 'लेव्हायथन' या जोडभागात त्याची जन्मकथा आहे. लेव्हायथन ही समुद्राच्या तळाशी राहणारी जुनी जात. तिनं इतर जातींना मनोबळानं गुलाम केलं, त्या गुलामांनी बनवलेली यंत्रं त्यांच्यावरच उलटली, म्हणून यावर उपाय शोधायला तिनं एक बुद्धी घडवली. त्या बुद्धीनं उपाय म्हणून आधी आपल्याच मालकांची कापणी केली आणि त्यांच्या आकाराचा पहिला रीपर घडवला. म्हणजे जे पोर शेपर्डला सांगतं की हे असंच असतं, त्यानं गुलामांचे मालक आणि त्यांची यंत्रं एवढंच जग बघून हा नियम काढलाय. कोट्यवधी वर्षं तो प्रत्येक वेळी जग त्या टप्प्यावर आलं की कापत गेला, मग समेट दिसणार कुठून? त्याचा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. पण क्रूसिबलची, म्हणजे रीपरांविरुद्ध बांधलेल्या अस्त्राची, किल्ली त्याच्याकडे आहे, आणि खाली लंडन जळतंय. त्याच्याशी वाद जिंकून काही मिळणार नव्हतं.

पण माझं खरं उत्तर वेगळं आहे. रॅनॉकचा समेट शेवटी मोजला जातो, आणि फार कठोरपणे मोजला जातो. मी विनाश निवडला. विनाशात फक्त रीपर मरत नाहीत, गेथ मरतात, आपल्या जहाजाची यंत्रबुद्धी इडी मरते. ज्या खेळाडूनं रॅनॉकवर गेथना आधीच संपू दिलं, त्याला लाल वाट स्वस्तात पडते. मी त्यांना वाचवलं होतं, म्हणून मला ती महाग पडली. लीजननं विचारलं होतं, या यंत्राला आत्मा आहे का, आणि टालीनं त्याला मरताना हो म्हणून सांगितलं होतं. लंडनमध्ये निघायच्या आधी इडी शेपर्डला सांगते की मला आता जिवंत असल्यासारखं वाटतं, आणि ते तुमच्यामुळे. मी ते सगळं ऐकून, लक्षात ठेवून त्या नळीकडे चालत गेले आणि गोळ्या झाडत राहिले.

जितकं जास्त जोडलंत तितका लाल रंग जड होतो. निर्णय मोजले गेले नाहीत म्हणणाऱ्यांनी हे मोजलेलंच नाही.

फुरसती

वाचतेय, छान चाललंय. माझा एक वेगळाच सूर.

अँडरसन आणि शेपर्ड रक्तबंबाळ होऊन शेजारी शेजारी बसतात, समोर पृथ्वी दिसतेय, सिटाडेल या अवकाशस्थानकाचे हात उघडतायत, आणि अँडरसन म्हणतो की तुझा अभिमान वाटतो मला. तिथेच संपवायला हवं होतं. क्रूसिबल चालतं, रीपर कोसळतात, शेपर्ड डोळे मिटते. कुणीही रडलं असतं, कुणीही तक्रार केली नसती. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. त्यानंतरचं ते पोर कशाला?

सप्तर्षी

फुरसती, तो प्रसंग मालिकेतला सगळ्यात सुंदर आहे यात वाद नाही. पण मला वाटतं त्याच्या लगेच पुढचे काही सेकंद त्याहून मोठे आहेत. अँडरसन बोलायचा थांबतो. शेपर्ड कुशीवरचा हात उचलून बघते, हात रक्तानं माखलेला. आणि रेडिओवर ॲडमिरल हॅकेटचा आवाज येतो: काहीच होत नाहीये, क्रूसिबल चालू झालेलं नाही, तुमच्या बाजूनं काहीतरी करावं लागेल. शेपर्ड उठते, चालता येत नाही म्हणून सरपटत जाते, आणि विचारते की मी काय करू.

तुम्ही म्हणता तिथे संपलं असतं तर शेपर्डची सुटका झाली असती. तिला मरायची परवानगी मिळाली होती, आणि खेळानं ती काढून घेतली. तीन खेळ सगळ्यांनी तिला हेच तर केलं! नॉर्मंडीवरचा प्रत्येक जण, कौन्सिल, हॅकेट, क्रोगन, क्वेरियन, सगळे येऊन म्हणतात की तूच कर. तीही प्रत्येक वेळी उठली. तिसऱ्या खेळातली ती स्वप्नं आठवा. व्हँकूव्हरमध्ये तिच्या डोळ्यांदेखत शटलसकट जळालेला मुलगा, काळ्या झाडांचं रान, आणि रानात कुजबुजणारे मेलेल्या सोबत्यांचे आवाज. शेवटच्या स्वप्नात ती स्वतःलाच त्या मुलाबरोबर जळताना पाहते. ही दमलेल्या बाईची गोष्ट आहे, आणि दमलेल्या बाईला शेवटी आणखी एक काम सांगितलं जातं. कॅटलिस्टनं त्या मुलाचंच रूप घ्यावं हेही मला म्हणूनच खटकत नाही. ज्याला ती वाचवू शकली नाही तोच समोर येऊन विचारतोय की आता काय करणार.

घाटमाथा

इथे इंडॉक्ट्रिनेशन थिअरीचं नाव घ्यायलाच हवं. म्हणजे हार्बिंजरच्या किरणानंतरचं सगळं शेपर्डच्या डोक्यात चाललंय, रीपर त्याचं मन वळवू बघतायत, आणि विनाश निवडला तरच तो त्यातून जागा होतो, म्हणून श्वास फक्त विनाशात. स्वप्नातल्या रानासारखी झाडं लंडनमधल्या त्या धावेनंतर आजूबाजूला दिसतात, अँडरसनला गोळी लागते आणि रक्त शेपर्डच्या कुशीतून येतं, असे बरेच दुवे लोकांनी शोधले होते. २०१२ च्या उन्हाळ्यात माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. आजही मला तीच सगळ्यात चांगली वाट वाटते.

किल्लेदार

ती थिअरी म्हणजे लोकांनी लेखकांवर केलेले उपकार. शेवट इतका न पटणारा होता की तो स्वप्न आहे असं मानावं लागलं.

सप्तर्षी

घाटमाथा, मला ती थिअरी कधीच रुचली नाही, आणि कारण किल्लेदारांच्या कारणापेक्षा वेगळं आहे. ती खरी मानली की उत्तर एकच उरतं. लाल बरोबर, बाकी दोन फसवणूक. मग इडी आणि गेथ मेलेच नाहीत, ते फक्त स्वप्नात मेले, आणि मी काहीच गमावलं नाही. ज्या क्षणी खेळ मला बरोबर-चूक सांगायचं थांबवतो त्याच क्षणी ही थिअरी येऊन गुण देते.

पडघम

उशिरा आलो. हिरव्याबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो, कारण मी संयोग निवडला होता आणि त्याबद्दल आजही मनात खळखळ आहे.

इडीसाठी निवडला. नॉर्मंडीचा वैमानिक जोकर आणि तिला हातात हात घेऊन जहाजातून उतरताना पाहिलं तेव्हा वाटलं जिंकलो. एक्स्टेंडेड कटमध्ये तर निवेदन इडीचंच आहे, ती म्हणते मी जिवंत आहे. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना बसमध्ये अचानक जाणवलं की मी आकाशगंगेतल्या प्रत्येक प्राण्याच्या शरीरात हात घातला, एकालाही न विचारता. झाडांच्या पानांतसुद्धा ती हिरवी जाळी दिसते. ज्या क्रोगनांच्या शरीराशी सलेरियनांनी परस्पर खेळ केला म्हणून मी त्यांच्यातल्या शास्त्रज्ञ मॉर्डिनशी भांडलो होतो, तेच मी सगळ्यांशी केलं.

सप्तर्षींचा अधिकाराचा मुद्दा वाचून ते परत वर आलं. संयोग ही सर्वांत गोड दिसणारी वाट आहे, आणि ती मिळायला सैन्यबळही चांगलं लागतं, त्यामुळे बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. माझ्या मते तीच सगळ्यात भयंकर आहे. पण पुन्हा खेळलो तरी तीच निवडेन की काय अशी भीतीही आहे.

सप्तर्षी

पडघम, हा प्रतिसाद मी परत परत वाचला. मॉर्डिनचा दुवा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तो अगदी नेमका आहे. तो स्वतः आधी म्हणत होता की जेनोफेज सुधारणं गरजेचं होतं, आकडे तेच सांगत होते. शेवटी तुचांकावरच्या मनोऱ्यात वर जाऊन तो स्वतःचा जीव देऊन ते उलटवतो. ज्याला तुचांका कळली त्याला हिरवा रंग साधा वाटणार नाही.

तिसरीघंटा

मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या बदललेल्या आवृत्त्यांत, शेपर्ड जिवंत राहते, कॅटलिस्ट येतच नाही, शेवटी सगळे नॉर्मंडीवर भेटतात, असे शेवट चाहत्यांनी बनवलेत. मी त्यातलाच एक खेळले आणि शांत झोपले. ज्याला जे हवं ते घ्या. टालीच्या चेहऱ्याऐवजी बाजारातला तयार फोटो चिकटवला होता ते मात्र मी माफ करणार नाही! लेजेंडरीमध्ये बदलला म्हणून वाचले.

किल्लेदार

ताई, 'जितकं जोडलंत तितका लाल रंग जड होतो' हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझं मत बदललेलं नाही. वाद घालता यायलाच हवा होता यावर मी ठाम आहे. एक्स्टेंडेड कटमध्ये नकाराची वाट दिली, पण नकार दिला की सगळे मरतात आणि सोबतीण लियारानं नोंदी ठेवलेली कुपी पुढच्या चक्राला सापडते. म्हणजे वाद घालणाऱ्याला शिक्षाच.

सप्तर्षी

किल्लेदार, नकाराकडे मी शिक्षा म्हणून बघत नाही. नकार देणारी शेपर्ड म्हणते की असल्या अटींवर मी कुणाचंही भवितव्य ठरवणार नाही. तिन्ही खेळांत पहिल्यांदाच ती दुसऱ्यांच्या वतीनं ठरवायला नाही म्हणते. तिची सगळी पिढी जाते, हे खरं. पण लियारानं ती कुपी जहाजावर शेपर्डला दाखवलेली असते, शेपर्डबद्दल काय लिहून ठेवू असं विचारलेलं असतं, आणि पुढच्या चक्रातले लोक तीच नोंद वाचून वाचतात. जून २०१२ मध्ये रागावलेल्या लोकांना द्यायला म्हणून ही वाट आली असेल, पण माझ्या मते कथेला ती पूर्ण शोभते. मी ती एकदा मुद्दाम निवडून पाहिली. लियाराचा आवाज रिकाम्या जागेत घुमतो तेव्हा अंगावर काटा येतो.

चांदणवेल

हे सगळं वाचून पुन्हा खेळायला घेतलाय, पहिल्यापासून, लेजेंडरीच. मागच्या वेळी 'लेव्हायथन' आणि 'सिटाडेल' हे दोन्ही जोडभाग मी भलत्याच वेळी खेळले, 'सिटाडेल' तर खूप आधी, त्यामुळे पार्टीला अर्धे लोक नव्हतेच. कधी खेळायचं?

सप्तर्षी

'लेव्हायथन' रॅनॉक संपल्यावर आणि थेसिया ग्रहाच्या मोहिमेआधी. रॅनॉकचा समेट ताजा असताना लेव्हायथनच्या तोंडून ती जुनी हकीकत ऐकलीत की किल्लेदारांचा प्रश्न तुम्हालाही छळेल, आणि शेवटी कॅटलिस्टशी बोलताना शेपर्ड त्या भेटीचा उल्लेखही करते. 'सिटाडेल' अगदी शेवटी, सर्बेरसच्या मुख्य तळावर हल्ला करायच्या आधी, कारण तिथून पुढे परत फिरता येत नाही. मार्च २०१३ मध्ये ती आली तेव्हा बऱ्याच जणांनी तिलाच खरा शेवट मानलं. तसं मानू नका, पण पार्टी संपल्यावर सकाळी सगळे गोदीत नॉर्मंडीकडे बघत उभे राहतात, तिथे घाई न करता थांबा.

आणि दुसऱ्या खेळात टालीचा खटला. पुरावा दाखवून तिच्या वडिलांचं नाव घालवू नका, लोकांना जोडून घेऊन सोडवा. टाली आणि लीजनचं भांडण झालं तर दोघांचीही बाजू राखा, त्यासाठी पॅरागॉन किंवा रेनिगेड गुण भरपूर लागतात, ते आधीच साठवत चला. रॅनॉकला त्याचा उपयोग होईल. मग शेवटी कुठला रंग निवडलात ते इथेच येऊन सांगा.